पाव हॉर्सचं चाक

मोटर हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आईने उच्चारला, आणि तोही शिवी हासडावी तसा. "त्या मोटरीला घाला चुलीत," असं ती म्हणाली. मोटर तेव्हा घरात आलेलीसुद्धा नव्हती. ती यावी की नाही एवढंच घाटत होतं. पण आईचा स्वभावच असा, की पाहुणा दारात पोचायच्या आधी त्याच्याशी मनातल्या मनात भांडून घ्यायचं, म्हणजे तो आल्यावर गोड बोलायला ती मोकळी. मोटरीने माती मरते, मोटरीच्या माठात पाणी गार होत नाही, मोटरीचं सुगड सवाष्णीच्या हाती कसं द्यायचं, असे तिचे आक्षेप होते. आबा, म्हणजे माझे वडील, ऐकून घ्यायचे आणि उजवा खांदा डाव्या हाताने चोळत बसायचे. तो खांदा हेच खरं तर सगळ्याचं मूळ होतं.

आमचं घर कुंभाराचं. किन्हवलीला एस.टी.तून उतरून अर्धा तास चालायचं, ओढा ओलांडला की आमच्या भट्टीची काळी जमीन दिसायची. गावात कुंभारांची घरं दोन होती, पण दुसऱ्या घरातला कर्ता भिवंडीला यंत्रमागावर लागला आणि त्यांचं चाक गोठ्यात कोंबड्यांना बसायला झालं. त्यामुळे आसपासच्या वाड्यापाड्यांची सगळी गरज आबांवर येऊन पडली होती. नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडं, म्हशाच्या जत्रेला न्यायची मडकी, मग उन्हाळ्याचे माठ. थोरली बहीण सापगावला दिलेली होती. घरात आम्ही तिघंच, आबा, आई आणि मी. मला विमल म्हणून कुणीच हाक मारत नसे, मी साऱ्या गावाची विमी होते.

आबांचा खांदा दोन वर्षांपूर्वी धरला होता. आता मला त्याचं इंग्रजी नाव माहीत आहे, आयुष्यभर रुग्णालयात काढल्यावर एवढं तरी येतंच, पण तेव्हा तो नुसता 'धरलेला' खांदा होता. हाडवैद्याचं तेल झालं, शेक झाला, करंजाच्या पाल्याची पोटिसं झाली, खांदा काही सुटला नाही. बसून, कोपरं मांडीला टेकवून माती घडवायला त्यांना अडचण नव्हती. पण आमचं चाक म्हणजे जमिनीत रोवलेल्या खुंटीवर फिरणारं दगडी जातंच जणू, ते उभं राहून दांड्याने गरगरा फिरवायचं, वेग आला की पटकन खाली बसायचं. ते फिरवणं त्या खांद्याला जमेना. आणि आमच्या घरात रीत अशी की लग्न झालेल्या बाईने चाकाला हात लावायचा नाही. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. आई चिखल तुडवायची, राख चाळायची, भट्टी रचायची, थापीचं काम तर आबांच्या तोडीने करायची, पण चाक वाटेत आलं की वळसा घालून जायची. मी कुमारिका, म्हणून मला चालत होतं. तेव्हापासून चाक मी फिरवायचे. वेग मंदावला की आबा हात उचलायचे, मी दांडा खोबणीत घालून दहा-बारा हिसके द्यायचे, दांडा काढला की आबांचे हात पुन्हा मातीवर. आम्ही त्यात इतके सरावलो होतो की एकमेकांकडे बघावंसुद्धा लागत नसे. माझ्या तळहातांना नांगरणाऱ्या गड्यासारखे घट्टे पडले होते आणि शाळेतल्या मुली ते बघून हसायच्या.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, एक भांडं करायचं तर तेवढाच एक गोळा घ्यायचा. तसं नाही. आबा दहा-बारा किलोचा एकच लोंदा चाकाच्या मधोमध थापायचे, दोन्ही तळव्यांनी दाबून दाबून त्याचं डुगडुगणं घालवायचे, आणि मग नुसत्या शेंड्यावरून एक सुगड काढायचे. दोऱ्याने कापून बाजूला ठेवलं की लगेच त्याच्या खालच्या मातीतून दुसरं, मग तिसरं. लोंदा सरेपर्यंत तीस-चाळीस सुगडं निघायची. सगळी ताकद लागायची ती पहिल्या दाबण्यात. लोंदा एकदा मध्यावर बसला की पुढे सगळा बोटांचा खेळ, आबा तेव्हा गप्पाही मारायचे. मोठा माठसुद्धा चाकावर जाड आणि बुटका काढायचा आणि मग आतून दगडाचा गुंडा, बाहेरून लाकडी थापी असं ठोकत ठोकत त्याला फुगवायचा. आमच्या घरात सकाळ व्हायची ती आईच्या थापीच्या आवाजाने. अजूनही कुठे एका लयीत ठोकल्याचा आवाज आला की मला भूक लागते, कारण थापी थांबली की भाकरी मिळायची.

हे इतकं खोलात लिहिण्याचं कारण आहे. परवा बहिणीची नात कल्याणहून आली होती. तिने मातीकामाचा क्लास लावलाय आणि आता तिला घरात विजेचं चाक हवंय. फोनवर एकेक चाकाचा फोटो दाखवत ती मला विचारत होती, "आजी, किती वॅटची मोटर घेऊ? मी काय, छोटे छोटे बाऊलच करणार." मी म्हटलं, "बाई, तू भांडं केवढं करतेस ते मोटरीला कळत नाही. तू एका वेळी चाकावर माती केवढी ठेवतेस आणि तिला किती दाबतेस, तेवढंच तिला कळतं." पोर चकित झाली. म्हणाली, "आजी, तुम्ही तर नर्स होतात ना? तुम्हाला हे कसं माहीत?" मी चहा ठेवायला उठले. माहीत कसं झालं ते मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही. जे सांगत आले ते अर्धंच होतं.

तर मी बारावी झाले, आणि ठाण्याला नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता त्याचं उत्तर आषाढात आलं. निवड झाली होती. राहायला वसतिगृह, वर विद्यावेतन, आणि गणपतीच्या आत हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार. ते पत्र मी इतक्यांदा वाचलं की घड्यांवर कागद फाटायला आला. त्या दिवशी आईने शेवळाची भाजी केली होती. शेवळं निवडून, काकडाची फळं ठेचून घालून, घसा खवखवू नये म्हणून जिवापाड सांभाळून करायची ती भाजी आई वर्षातून दोनदाच करायची. तिने माझ्या ताटात जास्त वाढलं, आणि एवढ्यावरूनच मला कळलं की तिला मी जायला हवी आहे. आबांनी जेवताना एकच विचारलं, "किती वर्सं?" मी म्हटलं, "तीन." त्यांनी मान हलवली. पण प्रश्न तिघांच्याही ताटात वाढलेला होता. पावसात भट्टी बंद असते, तोवर ठीक. पण पाऊस उघडला की घट आणि पणत्या सुरू होणार, आणि चाक फिरवणार कोण? गावातली पोरं मोलाने यायची, पण दोन दिवसांत पळायची, कारण दांड्याचा हिसका कधी द्यायचा ते त्यांना समजत नसे आणि आबा चिडायचे.

म्हणून मोटर. मुरबाडला एक मिस्त्री होता, दत्तू मिस्त्री. पंपाच्या आणि भातगिरणीच्या जळलेल्या मोटरी नव्या तारेने भरून देण्याचं त्याचं काम. त्याने कुठल्याशा प्रदर्शनात विजेचं चाक बघितलं होतं आणि तसंच आपल्या कारखान्यात लोखंडी सांगाडा जोडून बनवलं होतं. एक विकलंही होतं म्हणे. ही बातमी सापगावहून माझ्या मेहुण्याने आणली. आईने वर लिहिलेलं वाक्य उच्चारलं ते तेव्हा.

श्रावणातल्या एका सकाळी मी आणि आबा मुरबाडला निघालो. आबांनी स्वतःचा चिखल बरोबर घेतला होता. दुसऱ्याच्या मातीवर चाकाची पारख कशी करायची, असं त्यांचं म्हणणं. बारा किलोचा लोंदा ओल्या गोणपाटात गुंडाळून पाटीत ठेवला आणि ती पाटी मी डोक्यावर घेतली. एस.टी.त चढलो तशी दोन माणसं उठून उभी राहिली आणि एका म्हातारीने गोणपाटाला हात लावून नमस्कार केला. कंडक्टर म्हणाला, "काय बाबा, गणपती आताच चालवलाव? अजून पंधरा दिस हायेत." आबा म्हणाले, "अजून निस्ती मातीच हाय." सगळी गाडी हसली. पण उठलेली माणसं परत बसली नाहीत आणि लोंद्याला मुरबाडपर्यंत सीट मिळाली, आबा मात्र दांडी धरून उभे. डाव्या हाताने.

दत्तू मिस्त्री पन्नाशीचा, हाताला कायम ग्रीस, बोलायला फार चांगला. त्याने चाक दाखवलं. चौकोनी सांगाडा, वर लोखंडी थाळी, खाली पट्ट्याला जोडलेली छोटी मोटर. बटण दाबलं की थाळी फिरायची. आबांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे उलटं फिरतंय." मिस्त्री म्हणाला, "काका, चाक ते चाक, सुलट काय नि उलटं काय." आबा म्हणाले, "माझे हात सुलट हायेत ना पण." कारखान्यातली माणसं हसली. आबा ओशाळले. मिस्त्रीने मात्र चांगुलपणाने खोकं उघडलं, आतल्या दोन तारांची अदलाबदल केली आणि थाळी आमच्या चाकासारखी फिरू लागली. इतकं सोपं होतं ते. पण आबांची एक तक्रार खर्च झाली होती. पुन्हा काही खोट काढायची म्हणजे माणसाला जड जातं, त्यातून समोरच्याने पहिलं ऐकलेलं असलं की जास्तच.

मग मिस्त्रीने विचारलं, "काका, भांडी केवढी काढता?"

"बारकीच," आबा म्हणाले. "सुगडं, पणत्या, घट. माठ बी चाकावर एवढाच," त्यांनी हातांनी लहानशा भोपळ्याएवढा आकार दाखवला, "मंग थापीनं वाढवाचा."

"मंग पाव हॉर्सपॉवर बस झाली! ही पाव हॉर्सच हाय. कपबशा करनारा एक जन घेऊन गेला, एकदम खूश हाय."

उत्तरात खोटं काही नव्हतं. भांडी बारकीच होती. ती बारा किलोच्या लोंद्यावरून निघतात हे आबांना इतकं उघड होतं की सांगावंसं वाटलं नाही, आणि मिस्त्रीने आयुष्यात कुंभार बघितले असतील ते लांबून. मी विचारलं, "याहून मोठी मोटर असते का?" तो म्हणाला, "एक हॉर्सची बसवून देईन की. पन ती मागवावी लागंल, दिवाळी झाल्यावर. आता गिरण्यांचा सीझन लागंल, मोटरी मिळत नाय."

दिवाळी झाल्यावर. मला आत कुठेतरी लख्ख ऐकू आलं की दिवाळीपर्यंत माझी जागा दुसऱ्या मुलीने घेतलेली असेल.

आबांनी गोणपाट सोडलं, लोंदा थाळीवर थापला, समोर बसले. बटण दाबल्यावर थाळी छान वेगात फिरली. आबांनी कोपरं मांडीला टेकवून दोन्ही तळवे लोंद्यावर दाबले, तशी मोटरीची घरघर खाली उतरली, जाड झाली आणि थाळी मंदावली. आणखी दाबल्यावर जवळजवळ थांबलीच. आबांनी हात उचलले, ती पुन्हा धावायला लागली. पुन्हा दाबले, पुन्हा तेच.

"व्होल्टेज कमी हाय आज," मिस्त्री म्हणाला. "सकाळधरनं असंच चाललंय."

आमच्या डोक्यावर एक बल्ब लोंबत होता. मी वर बघितलं. मोटर दबली तेव्हाही तो तसाच जळत होता, पिवळा, स्वच्छ, जरासुद्धा न मिणमिणता. व्होल्टेज कमी असतं तर तो आधी मंद झाला असता. एवढं शास्त्र मला येत होतं, बारावीला भौतिकशास्त्रात मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. मोटर लहान पडत होती, बस. आबांनी चिखलाचे हात मांडीवर उपडे ठेवले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "विमे, तू शिकलीस ते. हा व्होल्टेजचं म्हनतोय ते कसं काय? घरी बरं फिरंल काय?"

मी म्हणाले, "फिरंल आबा. व्होल्टेजच कमी हाय."

नर्स म्हणून पुढे मी किती तरी माणसांना किती तरी वेळा सांगितलं की काही होत नाही, उद्या बरं वाटेल. त्यातली कित्येक वाक्यं खोटी असल्याचं मला माहीत होतं आणि त्यांपैकी एकानेही मला कधी छळलं नाही. हे वाक्य मात्र मी अजून विसरलेली नाही. आबा माझ्याकडे क्षणभर बघत राहिले, मग मिस्त्रीला म्हणाले, "मंग हेच द्या." परतताना आम्हाला चाक टेम्पोत घालून मिळालं आणि आम्ही त्याच्या दोन बाजूंना बसून आलो. आबांनी सरळगावाला टेम्पो थांबवून मला भजी घेऊन दिली. ती मी सगळी खाल्ली, हेही लिहून ठेवते.

निघायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी चाकापाशी फिरकलेच नाही. गोधडीला टाके घालायचे आहेत, ट्रंकेला रंग द्यायचा आहे, बहिणीला भेटून यायचं आहे. चाक पडवीत बसवलं, गावातल्या वायरमनने तार ओढून दिली, घरघर सुरू व्हायची, थांबायची, आणि मी ओढ्यावर आधीच धुतलेले कपडे परत धुवायला जायचे. रात्री जेवताना आबा आपणहून म्हणायचे, "चालतंय बरं." मी म्हणायचे, "हां ना?" आणि भाकरीत तोंड घालायचे. निघताना आईने सुकटीची चटणी आणि तांदळाची पापडी बांधून दिली. आबा किन्हवलीपर्यंत ट्रंक घेऊन आले, डाव्या खांद्यावर.

ठाण्याच्या दिवसांविषयी लिहीन तेवढं थोडंच आहे, पण इथे इतकंच की मी तिथे फार सुखात होते. पांढरा गणवेश, इस्त्रीचा वास, वहीत काढलेली माणसाच्या हाडांची चित्रं. तळहातांचे घट्टे दोन महिन्यांत मऊ पडले आणि ते बघून मला आनंदच झाला. दिवाळीला नव्या मुलींना सुट्टी नव्हती. आईची पत्रं यायची, शाळेतल्या गुरुजींच्या बायकोकडून लिहून घेतलेली, आणि त्यांत दर वेळी एक ओळ असायची. चाक बरे चालते, काळजी करू नये. ती ओळ मी भरभर वाचून पुढे जायचे.

पौषात चार दिवसांची रजा मिळाली. संक्रांत तोंडावर आलेली. मी सकाळी दहाच्या सुमाराला ओढा ओलांडला आणि मोटरीचा आवाज कानावर आला. घरघर, मग जड झालेली घरघर, मग थांबलेली. पुन्हा घरघर. इतक्या वेळा थांबत सुरू होणारं काम आमच्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. पडवीत आले तर आई भिंतीला टेकून बसलेली, तिच्यासमोर ओल्या गोणपाटावर पेरूएवढ्या गोळ्यांच्या रांगा. मातीचे गोळे, शंभर तरी असतील, आणि ती आणखी वळत होती. आबा एक गोळा उचलायचे, थाळीवर थापायचे, दाबून मध्यावर आणायचे, त्याचं एक सुगड काढायचे, कापायचे. मग दुसरा गोळा, पुन्हा थापणं, पुन्हा दाबणं. चाळीस सुगडांसाठी एकदा करायचं ते कष्टाचं काम ते आता चाळीस वेळा करत होते. मोठा लोंदा त्या मोटरीला पेलतच नव्हता. नारळाएवढा घेतला तरी ती धापा टाकायची. आबांच्या दोन्ही मनगटांवर आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या घट्ट बांधलेल्या होत्या.

"आली काय गो," आबा म्हणाले, आणि पुढचा गोळा घेतला.

मी ट्रंक खाली ठेवली, बटण बंद केलं, त्यांचा हात घेतला आणि पट्टी सोडली. मनगट सुजून बाजूचं हाड दिसेनासं झालं होतं. पाच महिन्यांचं शिक्षण झालं होतं माझं, सूज कशी दाबून बघायची ते येत होतं. दाबलं तसा त्यांनी श्वास आत ओढला. मी रडायला लागले. रडता रडताच सगळं सांगून टाकलं. की आबा, व्होल्टेज कमी नव्हतं, बल्ब नीट जळत होता, मोटर लहान आहे ते मला तिथेच कळलं होतं, मला जायचं होतं म्हणून मी खोटं बोलले. आईचे गोळे वळणारे हात थांबले. ती आता बोलेल, खूप बोलेल, याची मी वाट बघत होते, पण ती माझ्याकडे न बघता आबांकडे बघत राहिली.

आबांनी थाळीवरचं अर्धवट सुगड हाताने मोडलं आणि त्याची माती गोळ्यांत टाकली. मग म्हणाले, "मला ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"चाळीस वर्सं माती दाबतोय. चाक हाताखाली दमलं का विजंचं कमी पडलं, ते मला मिस्त्री सांगनार व्हय?"

"मंग तुमी तितंच का नाय बोललाव?"

ते हाताला लागलेला चिखल दुसऱ्या हाताच्या बोटांनी पुसत राहिले. "तुला विचारलं ना मी," ते म्हणाले. "तू खरं बोलली असतीस तर मी बोललो असतो, रहा दिवाळीतक. मी ठेवलीच असती गो तुला. खांदा हा असा, चाक फिरवाला तुझ्यावानी कोनी नाय. मी काय तुला सोडली नसती. तू खोटं बोललीस, मंग मला बी सोडता आली."

नंतरच्या आयुष्यात मी ही गोष्ट पुष्कळ जणांना सांगितली, पण माझ्या खोट्याचा भाग गाळून. वडलांनी माझ्या शिक्षणासाठी आपली पद्धत बदलली, गोळे वळून काम केलं, मनगटं सुजवून घेतली, अशी ती गोष्ट व्हायची आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. खोटी नव्हती ती. पण मला जे लागलं होतं ते वेगळंच होतं. ते मला माफ करत होते की स्वतःचाही गुन्हा माझ्यासमोर मांडत होते, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आज साठी उलटल्यावरही नक्की सांगता येत नाही. तेव्हा मी एवढंच म्हटलं की जुनं चाक लावू, चार दिवस मी फिरवते.

आई लगेच उठली. गोळ्यांच्या सगळ्या रांगा तिने दोन्ही हातांनी एकत्र लोटल्या आणि पुन्हा तुडवून त्यांचा एक लोंदा केला. इतकी माती इतक्या आनंदाने मोडताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. दगडी चाक भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, ते खुंटीवर बसवलं. चार दिवस मी दांडा मारला. दुसऱ्याच दिवशी तळहातांना फोड आले. आबांनी ते बघितले आणि म्हणाले, "नर्सबाईचे हात नरम झाले," आणि हसले, आणि मीही हसले. खांदा तसाच होता, मनगटं तशीच होती, पण लोंद्यावरून एकामागून एक सुगड उतरू लागलं तसे ते पहिल्यासारखे गप्पा मारायला लागले. संक्रांतीची सगळी मागणी पुरी झाली आणि म्हशाला न्यायलाही माल उरला.

परत जाताना मी वाकडी वाट करून मुरबाडला उतरले आणि दत्तू मिस्त्रीला सगळं सांगितलं. लोंदा कसा लावतात ते त्याच्याच कारखान्यातल्या ग्रीसच्या डब्यावर हात ठेवून दाखवलं. तो डोक्याला हात लावून म्हणाला, "पोरी, मी भांड्याचं इचारलं गो, लोंद्याचं इचाराला पायजे होतं. नि ते व्होल्टेजचं... उगाच बोललो मी." मग त्याने पाव हॉर्सची मोटर परत घ्यायचं आणि एक हॉर्सची मागवायचं कबूल केलं. वरचं माझ्या विद्यावेतनातून भागलं. शिमग्याच्या आसपास तो स्वतः जाऊन मोटर बसवून आला. मी तेव्हा ठाण्याला वॉर्डात होते.

पुढचं मला आईने सांगितलं, उन्हाळ्यात घरी गेले तेव्हा. मिस्त्री गेल्यावर आबांनी बारा किलोचा लोंदा लावला, कोपरं मांडीला टेकवली आणि दाबला. थाळी फिरत राहिली. मग अंगातलं सगळं बळ लावून दाबला. तरी ती तशीच फिरत राहिली, आवाजसुद्धा बदलला नाही. तसे आबा बसल्या जागेवरून घराकडे मान वळवून मोठ्याने ओरडले, "विमे, ये गो भायेर! बघ, दबत नाय!"

आई आत भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "मला वाटलं, आता त्येंच्या ध्यानात येईल, गप होतील. तर परत हाक मारली. मंग मीच तशी पिठाच्या हातानं भायेर गेले, नि बघितलं."